इंजिनाला मुंग्या

सर्व संबंधितांस, असंबंधितांस आणि नुसतेच गॅलरीत उभे राहून बघणाऱ्यांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, लालबाग येथील आमच्या बिल्डिंगच्या आवारात उभ्या असलेल्या माझ्या आईच्या मोटारगाडीच्या इंजिनाला मुंग्या लागल्या आहेत. काळ्या नव्हेत, लाल. कृपया शांतता राखावी.

हे निवेदन एका रविवारी सकाळी मी स्वतः आमच्या घरच्या ग्रुपवर टाकलं. कोणीही ते गांभीर्याने घेतलं नाही. माटुंग्याच्या मामाने हसून लोळणारे चेहरे पाठवले. माझा नवरा माझ्यापासून हातभर अंतरावर टॉर्च धरून उभा होता, त्याने तिथूनच अंगठा पाठवला. पण पन्नाशी ओलांडलेली, डोकं ठिकाणावर असलेली बाई म्हणून मी सांगते, मुंग्यांनी माणसांवर केलेला इतका मोठा उपकार मी तरी दुसरा पाहिलेला नाही. कसा, ते सांगते.

गाडी आईची. फिक्या निळ्या रंगाची, गिअरचा दांडा स्टीअरिंगला चिकटलेला, आणि दार लावताना असा आवाज की पलीकडच्या चाळीत कळावं, ही मंडळी आली. वडिलांची गिरणी कायमची बंद झाली तेव्हा त्यांनी ताडदेवच्या एका म्हाताऱ्या पारशाकडून ती घेतली. सगळ्यांना वाटलं माणसाला धक्का बसलाय. नोकरी गेली आणि हा गाडी घेऊन आला. शिवाय त्यांना चालवता येत नव्हती. स्पिनिंग खात्यात शेकडो चात्यांवर एकाच वेळी नजर ठेवणारा माणूस, पण क्लच सोडताना पाय थरथरायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी गाडी आवारातल्या नळावर घातली, खाली उतरले, किल्ली आईच्या हातात दिली आणि म्हणाले, "मी मशीनवाला. ड्रायव्हर तू."

आई शिकली. पदर खोचून, पायातल्या चपला काढून शेजारच्या सीटखाली ठेवून. ती आजही अनवाणी चालवते, चपलेतून पॅडल कळत नाही म्हणते. मग त्या गाडीच्या मागच्या सीटवर मालवणी मसाल्याचे डबे चढले. गिरगावातल्या बायका, दादरच्या बायका, फोर्टातल्या बँकेतल्या बायका, सगळ्यांना आईचा मसाला गाडीने घरपोच जायचा. मी आणि माझा भाऊ शाळा-कॉलेजात शिकलो ते त्या मागच्या सीटच्या जोरावर. आजही उन्हात गाडी तापली आणि दार उघडलं की शिंक येते. भाऊ आता कॅनडात आहे. तो फोनवर पहिल्यांदा आईची चौकशी करतो, मग गाडीची, मग माझी.

वडील गेले. आईचा मसाला हळूहळू थांबला. गाडीही मागच्या काही वर्षांत आवारातल्या भिंतीलगत उभी राहिली ती राहिलीच. आई रोज सकाळी खाली उतरून तिच्यावरचं कव्हर झटकायची. कागदपत्रं ती वेळच्या वेळी करून घ्यायची, स्वतःच्या लायसन्ससकट. आरटीओतला माणूस म्हणाला होता, "आजी, कशाला हवंय आता?" आई म्हणाली, "तू कशाला शर्ट इस्त्री करून आलायस?" लायसन्स मिळालं.

तर आता आमची बिल्डिंग पडणार आहे. टॉवर होणार. आई माझ्याकडे दादरला यायची होती आणि सगळे भाडेकरू महिनाअखेरीस निघणार होते. त्याच्या आधी आवार मोकळं करायचं होतं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी वाईट माणूस नाहीत. लहानपणी आम्ही त्यांच्याच बरोबर लपाछपी खेळलोय. पण सेक्रेटरी झाल्यापासून ते घरातही नोटीस वाचल्यासारखं बोलतात. त्यांनी आईला सांगितलं, "काकू, बंद अवस्थेतील वाहने रविवारी दुपारी बारा वाजता उचलण्यात येतील. भंगारवाल्याशी बोलणं झालंय. भावना समजतात, पण बिल्डरने तारीख दिलीय."

"आणि चालू असली तर?" आईने विचारलं.

सेक्रेटरींनी गाडीकडे पाहिलं. एका टायरमध्ये हवा नव्हती आणि बॉनेटवर मांजर झोपलं होतं. "चालू असली तर काय, आनंदच आहे," ते म्हणाले.

दादरला आमच्या बिल्डिंगमध्ये जागा नव्हती. मामाच्या माटुंग्याच्या कॉलनीत होती, पण तिथली कमिटी आमच्या सेक्रेटरींहून कडक. गाडी स्वतःच्या पायांनी आली पाहिजे, ओढून आणलेली गाडी फाटकातून आत घेत नाहीत. म्हणजे हिशेब सरळ होता. रविवारी बाराच्या आत गाडी सुरू होऊन माटुंग्याला गेली तर गेली, नाहीतर तिला चेपून तिचा चौकोनी गठ्ठा होणार.

आई माझ्याशी यावर एकदाच बोलली. कपड्यांच्या घड्या घालत होती, वर न बघता म्हणाली, "उचलून नेणार असतील तर मला आधी सांग. मी देवळात जाऊन बसेन. मला ते बघायचं नाहीये."

"आणि चालू झाली तर?"

"तर मी नेईन. दुसरं कोण?"

मी परळच्या एका मेकॅनिकला गाठलं. चांगला माणूस, जुन्या गाड्यांचा शौकीन. त्याने आठवडाभर येऊन-जाऊन बरंच काम केलं. नवी बॅटरी बसवली, टाकीतलं शिळं पेट्रोल काढून ताजं भरलं, कार्बोरेटर धुतला, ब्रेक नीट केले, टायर फुगवले. मांजराला त्याने उठवलं नाही, नुसतं बॉनेटसकट वर उचललं, तेव्हा ते स्वतःच राजीनामा देऊन गेलं. शनिवारी दुपारी राहिले फक्त प्लग.

ज्यांनी कधी बॉनेटखाली डोकावलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. इंजिनात ठिणगी पाडणारे चार प्लग असतात. प्रत्येक प्लगला एक जाड वायर येते आणि वायरीच्या टोकाला रबराची टोपी असते. ती प्लगच्या डोक्यावर घट्ट बसते. प्लग काढून साफ करायचा तर आधी टोपी उतरवावी लागते. डोक्यावर टोपी ठेवून कटिंग करायला बसलं तर न्हावी काय करणार, तसंच.

मेकॅनिकने पहिल्या टोपीला हात घातला. हलेना. त्याने पिळली, हलवली, डावीकडून उजवीकडून पाहिली. मग चिडून वायरच धरून ओढली. वायर त्याच्या हातात आली आणि टोपी फाटून अर्धी तिथेच राहिली.

"वायर पकडून ओढायची नसते, ताई," तो मला म्हणाला, जशी काही मीच ओढली होती. "टोपी पकडून ओढायची. पण ही तर डांबर घालून चिकटवल्यासारखी बसलीय. वर्षानुवर्षं ऑइल गळून जळलंय बघा आत."

फाटलेल्या टोपीच्या आत खरंच काळंकुट्ट, चकचकीत काहीतरी होतं.

मी टॅक्सीने गिरगावात गेले. ऑपेरा हाऊसकडच्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून फिरले. एका दुकानदाराने ती फाटकी वायर हातात घेऊन पुरातत्त्व खात्याच्या नजरेने पाहिली. "ही गाडी अजून आहे?" म्हणाला. मग माळ्यावर चढला आणि बऱ्याच वेळाने धुळीने माखून खाली आला. हातात एकच वायर. "चारचा सेट विसरा. ही एक राहिली होती, तुमच्या नशिबात होती."

म्हणजे एक फाटली ती भरून निघाली. उरलेल्या तीन मात्र अख्ख्याच उतरायला हव्या होत्या. मेकॅनिकने ऐकून डोकं हलवलं. "जोर लावला तर वायर जाईल. पाना लावून हिसका दिला तर प्लगचं चिनीमातीचं डोकं मोडेल. मग इंजिनाचं हेडच उतरवावं लागणार, म्हणजे आठवडा गेला." शिवाय त्या संध्याकाळी त्याला पुतणीच्या लग्नासाठी रत्नागिरीची गाडी पकडायची होती. "मंगळवारी येतो ना, ताई."

"मंगळवारी तुम्हाला ती पिशवीत घालून दाखवावी लागेल," मी म्हटलं.

तो गेला. जाताना प्लगचा पाना मात्र माझ्या हातात ठेवून गेला, एखाद्या सेनापतीने पडता पडता तलवार द्यावी तसा. निदान मी ती तशीच घेतली.

रविवारी सकाळी मी नवऱ्याला घेऊन लालबागला पोचले. माझा नवरा दादरचा. मोजकं आणि शुद्ध बोलणारा, हाताला ग्रीस लागलेलं सहन न होणारा. त्याने आपली भूमिका आधीच जाहीर केली होती. "मी टॉर्च धरीन आणि व्हिडिओ बघून मार्गदर्शन करीन. त्यापुढे माझा सहभाग गृहीत धरू नकोस."

"व्हिडिओत काय म्हणतात?"

"टोपी आधी गोल फिरवा म्हणतात. चिकटलेली पकड सुटते. मग सरळ वर ओढा. वायर कधीही ओढू नका."

"ते मेकॅनिकने वायर तोडल्यावर सांगितलं."

"हे तोडायच्या आधी सांगतायत, हा फरक आहे."

मी टोपी फिरवली. म्हणजे, फिरवायचा प्रयत्न केला. स्वयंपाकघरातलं फडकं गुंडाळून, हातमोजा घालून, हातमोजा काढून. गंज सोडवायचा स्प्रे मारला, तो मुरू दिला, पुन्हा मारला. सगळं इंजिन तेलाने न्हाऊन निघालं, पण टोप्या जागच्या जागी. मी भिंतीला पाय लावून जोर केला तेव्हा गॅलरीतून कोणीतरी "जोर लगा के" म्हणालं आणि वरून खालपर्यंत सगळ्यांनी "हैशा" केलं. आमच्या बिल्डिंगमध्ये कुठलीही गोष्ट खाजगीत होत नाही.

सेक्रेटरी हाफ पँटमध्ये चहाचा कप घेऊन बाहेर आले. "काय, होतंय का?"

"होत आलंय," मी म्हटलं.

"ट्रकवाल्याला सांगू का थोडं उशिरा यायला?"

"सांगता?"

त्यांनी घोट घेतला. "तो ऐकणार नाही. त्याला पुढे वरळीला आणखी गाड्या उचलायच्या आहेत. मी आपलं विचारलं."

आई आवारातल्या बाकावर बसली होती. आंघोळ करून, चांगली साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन. देवळात जायला किंवा गाडी चालवायला, दोन्हींना चालेल अशी. ती काहीच बोलत नव्हती. माझी आई बोलत नाही तेव्हा बिल्डिंगमधल्या बायका एकमेकींना खुणा करतात. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते.

मी दम खायला इंजिनावर ओणवी झाले. नवऱ्याने टॉर्च माझ्या नाकासमोर आणला. आणि तेव्हा मला ती रांग दिसली. भिंतीच्या भेगेतून निघालेली, बंपरवरून चढलेली, रेडिएटरच्या कडेकडेने शिस्तीत चाललेली लाल मुंग्यांची रांग. तेलाने माखलेल्या तिन्ही टोप्यांना वळसा घालून ती सरळ कालच्या फाटक्या टोपीत शिरत होती.

"मुंग्या लागल्यात," मी म्हटलं.

"जुनी गाडी आहे," नवरा म्हणाला.

"अरे पण ऑइलला मुंग्या लागतात का?"

त्याने टॉर्च खाली केला आणि विचार केला. मी मोबाइल काढून ते वरचं निवेदन ग्रुपवर टाकलं, कारण काही प्रसंग इतिहासाला त्याच क्षणी कळवावे लागतात. मग नखाने त्या काळ्या चकचकीत थराचा एक तुकडा काढला, मुंगी झटकली आणि जिभेवर ठेवला.

"थुंक आधी," नवरा म्हणाला. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्याने मला हुकूम दिल्याचा हा पहिलाच प्रसंग.

बाकावरून आईचा आवाज आला. "काय गो, चाटतंस काय?"

मी थुंकले नाही. मी तो तुकडा चघळला. पहिल्यांदा जळकी, कडवट चव आली. मग तिच्या मागून, दार किलकिलं करून डोकावल्यासारखी, दुसरी चव आली आणि मला हसू फुटलं. मी तशीच बंपरला धरून खाली बसले आणि हसत राहिले. नवऱ्याला वाटलं मला काही झालं. तो पाणी आणायला धावला.

"आई," मी म्हटलं, "गूळ आहे हा."

तर, खंडेनवमी. गिरणगावातल्या घरांना सांगायला नको. या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा. लोक गाडीची पूजा करतात म्हणजे बॉनेटवर स्वस्तिक काढतात, हार घालतात, पुढे नारळ फोडतात. माझ्या वडिलांना हे पटायचं नाही. गिरणीत त्यांनी पूजा केली ती मशीनची, मशीनवरच्या पत्र्याची नव्हे. त्यामुळे आमच्याकडे खंडेनवमीला आई गाडी काळाचौकीपर्यंत फिरवून आणायची, मग बॉनेट उघडलं जायचं आणि वडील थेट इंजिनाला हळदकुंकू लावायचे. नारळाचं पाणी पळीने इंजिनावरच. आणि नैवेद्य? त्यांनी पहिल्याच वर्षी मेकॅनिकला विचारून घेतलं होतं की याचं तोंड कुठे. मेकॅनिक म्हणाला, ठिणगी पडते ती इथे, या चार प्लगांत, तिथेच पेट्रोल जळतं. मग वडिलांच्या मते चार प्लग म्हणजे चार तोंडं. चारही तोंडांशी गूळखोबऱ्याचा एकेक घास. फिरून आलेलं इंजिन गरम असायचं, गूळ वितळायचा, ओघळून टोपीच्या आत जायचा, आणि वडील समाधानाने म्हणायचे, "खाल्लान बघ." पुढे ते गेल्यावर आईनेही पूजा चुकवली नाही. गाडी फिरायची बंद झाली तरी नैवेद्य बंद झाला नाही. आमच्या इंजिनाने दरवर्षी गूळ खाल्ला, तो तापला, आटला, कडक झाला, पुन्हा वर नवा थर. टोप्यांखाली चिक्की तयार झाली होती.

मी हे सगळं मोठ्याने बोलून दाखवलं. गॅलरीत हशा पिकला. आई मात्र हसली नाही. बाकावरून उठून आली आणि इंजिनात डोकावून पाहिलं.

"मग काय," ती म्हणाली, "तेका उपाशी ठेवूचा होता काय?"

आणि लगेच, त्याच दमात, आवाज बदलून, "तेल कशाला मारत बसलीस? पाकाचं पातेलं काय तेलाने निघतं? गरम पाणी आण."

साधी गोष्ट होती. जगभरचे व्हिडिओवाले गंज, कार्बन आणि कडक झालेलं रबर यांची उत्तरं देत होते. गुळाचं उत्तर आमच्या स्वयंपाकघरात होतं. पाणी घेऊन आलेला नवरा तसाच पुन्हा जिने चढला आणि चहाच्या भांड्यात उकळतं पाणी घेऊन उतरला. आईने वर हाक मारून देवघरातली पळी मागवली. भांड्याने ओतलं तर पाणी नको तिथे जाईल, पळीने नेमकं पडतं, हे तिचं म्हणणं. मग माझी आई, चांगल्या साडीत, वाकून एकेका टोपीच्या कडेने पळीपळीने गरम पाणी सोडू लागली.

"आता मंत्रही म्हणायचे का?" सेक्रेटरी म्हणाले.

"तू म्हण," आई म्हणाली. "तुझा आवाज नोटिशीचा आहे, चांगला लागेल."

पाणी तपकिरी होऊन ओघळू लागलं. खाली आवारातल्या फरशीवर काकवीसारखे ओघळ गेले आणि मुंग्यांची रांग मोडून त्यांची जत्रा झाली. मी पहिल्यांदा फाटक्या टोपीचा उरलेला तुकडा धरला. तो साल सोलावी तसा हातात आला. मग दुसरी टोपी. बोटांनी बूड पकडून हळूच फिरवली. काही नाही. पुन्हा पाणी. पुन्हा फिरवली, आणि आत कुठेतरी बारीक करकर झाली, जशी शेंगदाण्याची चिक्की मोडताना होते. टोपी केसभर फिरली. मी ती सरळ वर ओढली, आणि फुस् करून ती सुटली. अख्खी. वायरीसकट.

मी ती हात उंच करून बिल्डिंगला दाखवली. टाळ्या पडल्या. खोटं का बोलू, मी किंचित वाकून नमस्कारही केला.

"थांब," आई म्हणाली. "कुठली कुठे जायची ते लक्षात ठेव. वायरी उलट्यासुलट्या लागल्या तर खोकत बसेल." तिने पर्स उघडली, टिकल्यांचं पाकीट काढलं आणि वायरीवर दोन लाल टिकल्या चिकटवल्या. दुसऱ्या नंबरची. तिसरी टोपी निघाली तिला तीन टिकल्या. आमची गाडी हळदीकुंकवाला निघाल्यासारखी दिसायला लागली.

चौथी निघेना. ती सगळ्यात आत, कोपऱ्यात, आणि वडिलांचा हात तिथपर्यंत नीट पोचत नसावा म्हणून त्यांनी तिथे घास जरा मोठाच ठेवला असणार. मी पिळत राहिले. घड्याळाकडे बघितलं आणि हात अधिकच घाईला आला. टोपीच्या कडेला रबर पांढरं पडून ताणल्यासारखं दिसलं. अजून एक हिसका, आणि ती फाटली असती.

आईने माझं मनगट धरलं. "सोड. भिजू दे."

"आई, वेळ नाहीये."

"वेळ नसतो तेव्हाच भिजत घालायचं. नाहीतर खरवडत बसावं लागतं."

म्हणून आम्ही उभ्या राहिलो. ती पळी पळी पाणी घालत होती, मी हात बांधून. नवरा नवीन भांडं उकळून घेऊन आला. त्याच्या शर्टवर ग्रीसचा मोठा डाग पडला होता आणि त्याला तो दिसला नव्हता, मी सांगितलं नाही. तेवढ्यात सेक्रेटरींचा फोन वाजला. ते बोलले, ठेवला आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "ट्रक लालबागच्या पुलाखाली आलाय. तिथे ट्रॅफिक आहे."

त्या दिवशी त्या ट्रॅफिकला मी मनातून साष्टांग घातला.

"आता," आई म्हणाली.

मी बोटं बुडाशी घातली. फिरवली. ती लोण्यासारखी फिरली, इतकी सहज की मी लावलेला सगळा जोर फुकट गेला आणि मी टोपी हातात घेऊन नवऱ्याच्या अंगावर मागे पडले. आम्ही दोघं आवाराच्या फरशीवर काकवीत बसलो होतो आणि माझ्या हातात चौथी टोपी होती, अख्खी.

पुढे सगळं वेगाने झालं. पाना माझ्याकडे होताच. प्लग सोडवले, आईने ते एकेक करून पॉलिश पेपरने घासले, फुंकर मारली, डोळ्याजवळ धरून फट तपासली. पण सगळं ओलं होतं आणि ओल्या टोपीतून ठिणगी पळून जाते. मी फडक्याने पुसत असताना तळमजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शनची वायर बाहेर सोडली गेली आणि तिच्या मागून एक गुलाबी हेअर ड्रायर आला. सेक्रेटरींच्या बायकोचा हात होता.

"अगं, सोसायटीच्या आवारात घरची वीज," सेक्रेटरी म्हणाले.

"तुम्ही नियम सांभाळा," आतून आवाज आला. "मी वायर सांभाळते."

मी इंजिनाचे केस वाळवले. दुसरा शब्द नाही. एकेक खळगा, एकेक टोपी, आतून बाहेरून. प्लग आवळले, टिकल्या बघून वायरी बसवल्या, गिरगावची नवी वायर पहिल्या जागी. टोप्या आता टक् टक् करत बसल्या.

"सर बाजूक," आई म्हणाली. "माका बसाक दी."

तिने दार उघडलं. चपला काढल्या, शेजारच्या सीटखाली ठेवल्या. चोक ओढला. किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, एकदा दचकल्यासारखं झालं आणि बंद पडलं. तिने चोक थोडा आत ढकलला, थांबली, पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा घरघर, मग एक ठसका, मग दुसरा, आणि मग चारही तोंडांनी एकदम गाडी बोलू लागली. मागून निळा धूर निघाला आणि सगळ्या आवारात जळक्या गुळाचा वास भरला. गॅलरीतून कोणी थाळी वाजवली, कोणी शिट्टी. मी रडत नव्हते, मसाल्याचा वास होता तो. सेक्रेटरींनी कप खाली ठेवला आणि स्वतः जाऊन फाटक उघडलं, दोन्ही दारं, पूर्ण.

मी पुढे बसले, नवरा मागे. आईने आरसा स्वतःच्या उंचीला बसवला, गिअर टाकला आणि गाडी भिंतीपासून सुटली. जागेवर, काकवीचे ओघळ सोडले तर, फरशीचा एक स्वच्छ चौकोन राहिला. ती फाटकाकडे वळली, इतकी सावकाश आणि इतकी ताठ की तिच्या ऐटीपुढे मला माझी बसण्याची पद्धत सुधारावी लागली. आणि फाटकातच तिला ब्रेक मारावा लागला, कारण समोरून, रस्ता अडवून, क्रेन लावलेला ट्रक आत शिरत होता.

दोन्ही गाड्या नाकासमोर नाक उभ्या राहिल्या. आईने हॉर्न दिला. ट्रकवाला घामाघूम होता, ट्रॅफिकमधून वैतागून आलेला. त्याने खिडकीतून मान बाहेर काढली, आईकडे बघितलं आणि हात जोडून म्हणाला,

"आजी, जरा मागे घ्या ना, आत एक डेड गाडी पडलीय, ती उचलायचीय."